जुनी वेगवान गाडी घेताना

घरातली मुलं म्हणतात, जुनी पण ताकदीची गाडी स्वस्तात मिळते. २०१७ ची ऑक्टाव्हिया आरएस घ्या, २३० अश्वशक्तीचं इंजिन! पाय दाबला की पाठ सीटला चिकटते. मजा खरीच.

पण गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, टायर-ब्रेकची नाही. ते महागड्या गाडीच्याच भावाने येतात. इंजिन १५०० सीसीच्या वर, म्हणून सक्तीचा थर्ड पार्टी विमाही सगळ्यात वरच्या दराचा.

म्हणून गटाकडे कर्जाचा अर्ज आला, तर हप्त्याशेजारी वर्षाचा विमा, पेट्रोल, टायर, सर्व्हिसिंग मांडायला सांगा. गाडी मेकॅनिकला दाखवा, बँकेचा बोजा उतरल्याचा कागद बघा. हिशोब बसला, तर खुशाल घ्या. नाही बसला, तर बचत मोडू नका.