दाराबाहेरची आई

अपुऱ्या दिवसांचं बाळ जन्मलं की नातेवाइकांना एवढंच कळवलं जातं, 'पेटीत ठेवलंय'. त्यानंतर आई एका वॉर्डात, बाळ वेगळ्याच मजल्यावर आणि बाप औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन जिन्यावर, अशी त्या घराची ताटातूट होते. उपचार हवेत तर हे सोसायलाच हवं, असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं वेगळं आहे. आई हा उपचाराचाच भाग आहे आणि तिला दाराबाहेर ठेवण्याची किंमत बाळ मोजतं.

आत काय चाललेलं असतं ते आधी पाहू, कारण निम्मी भीती न कळण्याची असते. ३७ आठवड्यांआधी आलेल्या बाळाच्या, विशेषतः फार लवकर आलेल्याच्या, फुप्फुसांत ती उघडी ठेवणारा द्रव पुरेसा तयार झालेला नसतो, म्हणून नाकातून दाबाने हवा देतात. अंगावर चरबी फारशी नसते, म्हणून वॉर्मर. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ ३४व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. तोवर दूध नळीने जातं. पहिल्या आठवड्यात वजन घटतं आणि आईबाप हादरतात, पण शरीरातलं जादा पाणी उतरण्याचाच तो बराचसा भाग असतो. मॉनिटर वाजतो तेव्हा दर वेळी संकटच असतं असं नाही. पाय हलला आणि सेन्सर निसटला तरी तो वाजतो. दोन दिवस बरे जातात, तिसरा वाईट उगवतो. हे सगळं पहिल्याच दिवशी, बसवून, समजेल अशा भाषेत सांगणं हे डॉक्टरांचं काम आहे आणि ते हक्कानं मागणं हे पालकांचं.

आता पुराव्याकडे येतो. कोलंबियातल्या बोगोटा इथे १९७८ साली डॉ. एदगार रे यांनी, पेट्या अपुऱ्या आणि जंतुसंसर्ग फार, अशा अडचणीत लहानग्यांना आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. पुढे कितीतरी वर्षं ही 'कांगारू' पद्धत गरिबांची सोय मानली गेली आणि बाळ स्थिरावल्यावरच वापरली गेली. स्थिरावण्याची वाट पाहायची गरज आहे का, हे भारतासह पाच देशांतल्या एका मोठ्या चाचणीने तपासलं. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्यात होतं. एक किलो ते १,८०० ग्रॅमच्या आतली ३,२११ बाळं. जन्मानंतर लगेच छातीशी घेतलेल्या गटात २८ दिवसांतले मृत्यू १२ टक्के, नेहमीच्या गटात १५.७ टक्के. फरक इतका ठळक होता की चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. २०२१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

आई आत आली तर जंतू आणेल, हा पहिला आक्षेप. याच चाचणीत रक्तातल्या जंतुसंसर्गाचा संशय आलेली बाळं नेहमीच्या गटात २७.८ टक्के होती, छातीशी घेतलेल्यांत २२.९ टक्के. हात धुऊन आलेली, एकाच बाळाला हाताळणारी आई ही अनेक बाळांमध्ये फिरणाऱ्या हातांपेक्षा कमी धोक्याची, असा मी त्याचा अर्थ लावतो. ओल्या बाळंतिणीला विश्रांती हवी, हा दुसरा आक्षेप घरातूनच येतो. तो खरा आहे. पण विश्रांती बाळाजवळच्या खाटेवरही मिळते, आणि तिला झेपत नसेल तेव्हा बाप किंवा आजी बाळाला छातीशी घेऊ शकतात. स्वतःहून श्वास न घेणारी बाळं या चाचणीत नव्हती, म्हणून तिचे आकडे त्यांना लावता येणार नाहीत. तरी आईचा स्पर्श, आवाज आणि तिचा चीक त्यांच्यापर्यंत पोहोचवायला कुणाची हरकत नसावी. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी उभारली, ती आईचं दूध अशा बाळांसाठी किती मोलाचं आहे हे ओळखूनच.

जागा आणि परिचारिका अपुऱ्या आहेत, हा तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. बाळाच्या खाटेशेजारी आईची खाट घालायची तर भिंती हलवाव्या लागतील, पैसा लागेल. पण यंत्रांसाठी आपण तो उभा करतोच. आणि बाळ घरी गेल्यावर काय? दोन किलोंहून कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत व्हावी लागते, अगदी लहानांची त्याहूनही लवकर. ती चुकली तर दृष्टी जाऊ शकते. ती तारीख घरच्यांनाच पाळायची असते. म्हणून सुट्टीच्या कागदावर ती लिहिली आहे का, हे निघण्यापूर्वी विचारा.