मंद चालीचे बळ



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठ्या विषयांवर व्याख्याने झाली. आम्ही मात्र आज एका गुडघ्याविषयी बोलणार आहोत, आणि तोही आमच्या स्वतःच्या. या गृहस्थांना दुसरा विषय सापडला नाही काय, असे काहींच्या मनात येईल. पण मघाशी आपण सारे स्थानापन्न होत असताना आम्ही पाहत होतो. बसताना ज्यांचा हात आपोआप गुडघ्यावर गेला, अशी मंडळी थोडीथोडकी नव्हती. तेव्हा विषय अगदीच खाजगी नाही.

आम्ही धावू लागलो ते पन्नाशी उलटल्यावर. पहाटे घोडेगावच्या फाट्यावरून निघावे, दोहों बाजूंच्या उसाचा गार वारा अंगावर घ्यावा आणि भाविकांच्या गाड्यांची वर्दळ सुरू होण्यापूर्वी शनिदेवाच्या चौथऱ्याशी येऊन थांबावे, असा आमचा क्रम होता. एका पावसाळी सकाळी मोटारीला वाट देण्यासाठी आम्ही रस्त्याच्या कडेला उतरलो. पाऊल चिखलात रुतले, शरीर मात्र वळले, आणि त्या दोहोंच्या भांडणात मधला गुडघा सापडला. संध्याकाळपर्यंत तो टरारून सुजला.

डॉक्टरांनी सांगितले, की आतील कूर्चेची गादी फाटली आहे. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या अशा दोन गाद्या असतात. त्यांच्या बाहेरच्या कडेला रक्त पोहोचते, आतल्या भागाला ते पोहोचत नाही. त्यामुळे कातडीवरची जखम जशी भरते तशी ही भरेलच असे नसते. आमच्या बाबतीत शस्त्रक्रियेची गरज पडली नाही. व्यायाम आणि धीर, एवढेच औषध मिळाले. पैकी व्यायाम आम्ही घेतला, धीर मात्र घरी आणलाच नाही.

सहा आठवड्यांत दुखणे थांबले. आम्हांस वाटले, बरे झालो. एके दिवशी फाट्यापासून चौथऱ्यापर्यंत सबंध वाट धावलो आणि मोठ्या दिमाखात घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा वाकेना. त्या दिवशी अंथरुणावर पडल्या पडल्या जे शिकलो, तेच आज सांगावयाचे आहे. दुखणे थांबणे आणि बरे होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. गुडघा सुजला, की मांडीचा पुढचा स्नायू भराभर दुबळा होतो. वेदना गेली तरी तो दुबळेपणा मागे उरतो. वेदना हा पहारेकरी आहे. तो झोपला म्हणून चोर गेला असे होत नाही.

आमच्यासारख्या हौशी माणसाचे राहू द्या. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे पाहा. हा शेतकऱ्याचा मुलगा महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचेनच्या बर्फात राहिला आणि पुढे सैन्यातूनच शर्यतीकडे वळला. त्यांची शर्यत तीन हजार मीटरांची. तीत २८ वेळा अडथळे ओलांडावयाचे आणि वर ७ वेळा पाण्यावरून उडी घ्यावयाची. २०१८ साली घोट्याच्या दुखापतीमुळे त्यांच्या आशियाई क्रीडास्पर्धा हुकल्या. त्याच वर्षी भुवनेश्वरला त्यांनी ८ मिनिटे २९.८० सेकंदांत शर्यत संपवून गोपाल सैनी यांचा ३७ वर्षे टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ साली राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ साली आशियाई स्पर्धेत सुवर्ण, आणि २०२४ साली पॅरिसला ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा विक्रम. पुढे ११ जुलै २०२५ रोजी मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यापाशी ते पडले. गुडघ्यातला बंध तुटला, कूर्चाही फाटली. मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरातील तोक्योची जागतिक स्पर्धा हुकली.

अशा शस्त्रक्रियेत बहुधा रोग्याच्याच शरीरातील स्नायूची दोरी काढून तिचा नवा बंध करतात. ही दोरी नव्या जागी रुजताना आरंभीचे काही महिने उलट अशक्त होत जाते आणि मग हळूहळू बळ धरते. नेमक्या त्याच अशक्त काळात रोग्याला मात्र अगदी ठणठणीत वाटू लागते! म्हणूनच नऊ महिन्यांच्या आत मैदानावर परतू नये, आणि परतण्यापूर्वी दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या जवळपास आली आहे ना हे मोजून पाहावे, असा तज्ज्ञांचा आग्रह असतो. जगातल्या उत्तम धावपटूलाही जेथे सवलत नाही, तेथे आम्ही सहा आठवड्यांत उड्या मारीत होतो.

मग स्नेही म्हणू लागले, “आता वय झाले. धावणे सोडा. गुडघे झिजतील.” ही भीती आम्हांलाही खरीच वाटे. पुन्हा धावणे सोडाच, चौथऱ्यापर्यंत पायी तरी जाता येईल की नाही, असे रात्री मनात येई. परंतु बेताने धावणाऱ्यांचे गुडघे बसून राहणाऱ्यांपेक्षा अधिक झिजतात, असे तपासाअंती दिसत नाही. हाडांच्या टोकांवरील कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. ओल्या स्पंजाप्रमाणे दाब पडला व सुटला, की तिला सांध्यातील द्रवातून पोषण मिळते. सांध्याला हालचाल हेच अन्न आहे. प्रश्न फक्त ते किती वाढावयाचे एवढाच.

येथे आम्हांस या गावचे दैवत आठवले. शनैश्चर म्हणजे हळू चालणारा. मंद आणि पंगू हीही त्याचीच नावे. हा ग्रह एक राशी ओलांडावयास सुमारे अडीच वर्षे घेतो, आणि सूर्याभोवतीची एक फेरी साडेएकोणतीस वर्षांत पुरी करतो. मधून मधून तो वक्री होतो, मागे जाताना दिसतो. वास्तविक तो मागे जातच नाही. आपली पृथ्वी त्याला ओलांडून पुढे जाते, म्हणून आपल्याला तसे भासते. हळू चालणे म्हणजे थांबणे नव्हे, हे ज्या दैवताने शिकवावे त्याच्याच गावी आम्ही घाई करीत होतो!

दुसऱ्या खेपेस आम्ही शहाणे झालो. आरंभी भिंतीला पाठ टेकून अर्धे बसणे, एका पायावर उभे राहणे, पायरी चढणे आणि उतरणे. मग एक मिनिट धावणे व दोन मिनिटे चालणे. अंतर वाढविले तर वेग वाढवावयाचा नाही. निर्णय त्या दिवशीच्या उत्साहाने नव्हे, तर दुसऱ्या दिवशीच्या गुडघ्याने द्यावयाचा. सकाळी सूज नसेल तर पुढचे पाऊल. असेल तर एक पाऊल मागे. असे मागे यावे लागले तेव्हा फार वाईट वाटे. मग रस्त्याकडेच्या रसवंतीपाशी बसून लाकडी चरकाचा बैल पाहत राहावे. तो कोठेच पोहोचत नाही, पण पेला मात्र भरतो.

अकरा महिन्यांनी आम्ही फाट्यापासून चौथऱ्यापर्यंत पुन्हा धावलो. पूर्वीपेक्षा बराच अधिक वेळ लागला. तेलाच्या वासात, बाहेरच्या पायरीवर क्षणभर बसलो. आनंद मात्र तेव्हा झाला नाही. तो झाला दुसऱ्या दिवशी सकाळी, गुडघा सहज वाकला तेव्हा.

आता उठताना आपला हात गुडघ्यावर गेला, तर संकोच मानू नका. फक्त घरी जाताना वाहनातून थोडे अलीकडेच उतरा, आणि उरलेली वाट सावकाश चालत जा.