आधी आपलं ताट उचला



शाळेच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय छापलाय, 'छायाचित्रण : करिअरची नवी वाट'. विषय मुख्याध्यापिका बाईंनी फोनवर सांगितला आणि मी 'हो बाई' म्हणून मोकळी झाले. बाईंना नाही म्हणायची सवय या शाळेनं लावलीच नाही. पुण्याहून येताना गाडीत चांगलं भाषण जुळवलं होतं. पण गेटातून आत आले, बदामाचं झाड दिसलं, आणि निम्मं भाषण तिथंच सांडलं.

हा मंडप घातलाय ना, बरोबर इथं आमच्या वेळी दहावीचा ग्रुप फोटो व्हायचा. मेनरोडवरच्या स्टुडिओतले काका तिवई खांद्यावर टाकून यायचे. स्टाफरूममधल्या खुर्च्या पुढे, मागे बाकं. शिपाईमामांच्या खिशात एक कंगवा असायचा आणि तो एकटा कंगवा अख्ख्या तुकडीच्या डोक्यांवरून फिरायचा. आमच्या वर्षी काकांनी सगळ्यांना पूर्वेकडे तोंड करून उभं केलं. सकाळचं ऊन थेट डोळ्यांत. तेवढ्यात चित्रकलेचे सर आले, आमच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "पोरं हसताहेत की रडताहेत? उचला बाकं. व्हरांड्यापाशी सावलीत घ्या सगळ्यांना." झालं, सगळं सामान पुन्हा हललं. काका जाम चिडले. पण तो फोटो ऑफिसबाहेरच्या भिंतीवर अजून आहे, आत्ता येताना बघून आले. सगळ्यांचे डोळे उघडे, चेहऱ्यांवर मऊ उजेड, नाकाखाली काळे डाग नाहीत. सावलीत उजेड नसतो असं आपल्याला वाटतं. तिथं तो पसरून, हळू होऊन आलेला असतो, आणि माणसाच्या चेहऱ्याला तोच मानवतो. पुढे पैसे भरून जो कोर्स केला त्यात हेच शिकवायला त्यांनी कितीतरी तास घालवले. सर, तुम्ही समोरच बसलाय. तुमची फी राहिलीय माझ्याकडे.

त्या फोटोत सगळे आहेत. अगदी तेव्हा नुकत्याच लागलेल्या पीटीच्या बाईसुद्धा. नाहीत त्या फक्त खुर्च्या दोनदा वाहणाऱ्या मावशी.

बरं, विषय. मी कुटुंबांचे फोटो काढते, त्यांच्याच घरी जाऊन. मागे पडदा, टोपलीत बाळ, बाळाच्या डोक्याला फुलांची पट्टी, हे माझ्याकडे मिळत नाही. सकाळी जायचं, उजेड कुठल्या खिडकीतून येतो ते बघायचं आणि ट्यूबलाइट बंद करायला लावायची, कारण खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड एकमेकांत मिसळले की बाळाचा रंग हिरवट दिसतो. मग घरातल्यांना म्हणायचं, तुमचं चालू द्या. सुरुवातीला सगळे पोट आत घेऊन बसतात. मग कुठंतरी दूध उतू जातं, मोठं भावंड धाकट्याच्या अंगावर चढतं, आणि माझं काम सुरू होतं.

परदेशी पुस्तकांत लिहिलेलं असतं की तान्ह्या बाळाचे फोटो पहिल्या दोन आठवड्यांत काढा, तेव्हा ते गाढ झोपतं. आपल्याकडे सव्वा महिन्याच्या आत परक्या बाईला बाळंतिणीच्या खोलीत कोण येऊ देतंय! दार उघडणारी आजी आधी कॅमेऱ्याकडे बघते, मग माझ्याकडे. मी वाद घालत नाही. म्हणते, "आजी, तुम्ही तीट लावून घ्या, मी थांबते." तीट लागली की तीच आजी मला अळिवाचा लाडू देते आणि उशी कुठं सरकवायची हेही सांगते. बाळाला मालिश करायला येणाऱ्या मावशी भिंतीला टेकून पाय लांब करून बसतात, बाळ पायांवर पालथं, बांगड्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, हात तेलानं चमकत असतात. तो फोटो मी अल्बममध्ये घालतेच. "यांचा कशाला?" असं विचारणारे भेटतात. माझ्या अल्बममध्ये मावशी असणार, नसतील तर फोटोग्राफर दुसरा बघा, असं मी सांगते. आजवर दुसरा कुणी बघितला नाही.

करिअरबद्दल एवढं पुरे. कॅमेरा कुठला घेऊ, ते विचारू नका, घरातल्या फोनवर सुरुवात करा. पैसे मिळतात का? मिळतात, पण दर महिन्याला सारखे नाही.

मला कुठंही बोलावलं की एक प्रश्न ठरलेला असतो : आई आणि कलावंत, हा तोल कसा साधता? माझा नवराही नोकरी करतो, तोही बाप आहे, पण त्याला हा प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही. तर उत्तर ऐका. लोक रविवारी घरी असतात, म्हणून माझं काम रविवारी. मुलाची शाळा रविवारी बंद, म्हणजे तोही घरी. इतरांची कुटुंबं एकत्र टिपायला मी माझं कुटुंब मागे टाकून निघते. रात्री तो झोपला की फोटो निवडायचे, रंग सारखे करायचे. तो लहान होता तेव्हा एका मांडीवर तो आणि दुसऱ्या मांडीवर लॅपटॉप. याला तोल म्हणत असाल तर म्हणा. हे निभतं त्याचं कारण माझ्यात काही विशेष आहे हे नव्हे. रविवारी सकाळी माझ्या घरी माझा नवरा पोहे करतो, ओटा पुसतो, आणि उपकार केल्याचा चेहरा करत नाही. त्याला ते येतं, कारण तो सात वर्षांचा असताना त्याच्या आईनं सांगितलं होतं, जेवलास ना, ताट उचल, घास आणि पालथं घाल. त्या इथं तिसऱ्या रांगेत आहेत, निळ्या शालीत. आई, हात वर करा, लाजू नका. त्यांच्या शेजारी माझी आई बसलीय. तिनं माझ्या भावाला कधी ताट उचलू दिलं नाही. तिच्याशी माझं गेली कित्येक वर्षं बोलणं चालू आहे.

मुलांनो, मला आज एवढंच सांगायचंय. जेवलात की आपलं ताट आपण उचला, आणि सिंकपर्यंत नेऊन ठेवू नका, घासा.

ताटावरूनच आठवलं, फाळके स्मारकाला सहल जाते ना अजून? आमची पांडवलेण्यांना जायची, पुरी-भाजीचे डबे घेऊन. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला, हे तुमचं पाठ असेल. त्याच्या आधी पैसेवाल्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीतलं वाटाण्याचं रोप वाढताना थोडं थोडं चित्रित केलं होतं. पहिल्या चित्रपटात बाई मिळेना, म्हणून तारामतीची भूमिका साळुंके नावाच्या पुरुषानं केली, हेही आपण हसत हसत सांगतो. अहो, बाई होती की! कच्च्या फिल्मच्या कडेला भोकं पाडावी लागायची, अंधारात बसून. ती सरस्वतीबाई फाळके पाडत होत्या. फिल्म धुण्यात त्या होत्या, गहाण पडले ते दागिने त्यांचे, आणि सगळ्या कंपनीचं जेवण त्यांच्या चुलीवर. पदरात लहान मुलं. त्या कंपनीतल्या पुरुषांची ताटं कोण घासत होतं, ते कुठं नोंदलेलं मी वाचलेलं नाही, पण अंदाज करायला अवघड नाही.

ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन म्हणून एक बाई होत्या, जन्म कोलकात्याचा, 1815चा. सहा मुलं वाढवता वाढवता, 48व्या वर्षी लेक-जावयानं त्यांना कॅमेरा भेट दिला, वेळ जावा म्हणून. त्या इंग्लंडमध्ये राहत होत्या तेव्हा. कोळशाच्या खोलीची त्यांनी डार्करूम केली, कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ केला आणि छायाचित्रणाच्या इतिहासात जाऊन बसल्या. छान वाटतं ना ऐकायला? पण घरात नोकरमाणसं होती. मेरी हिलियर नावाची घरकाम करणारी मुलगी होती. बाईंनी तिलाच समोर बसवून येशूच्या आईच्या रूपात तिचे फोटो काढले. निदान खुर्च्या वाहणारीला त्यांनी फोटोत तरी घेतलं. आणि आपल्या होमाई व्यारावाला, देशातल्या पहिल्या वृत्तछायाचित्रकार स्त्री, जे. जे.मध्ये शिकलेल्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापून आले. पद्मविभूषण मिळाला 2011 मध्ये, नव्वदी उलटून गेल्यावर. उतारवयात बडोद्यात एकट्या राहायच्या आणि घरचं सगळं हातानं करायच्या. मला त्या फार आवडतात, आणि फोटोंसाठीच आवडतात असं नाही.

मागे दहावीची मुलं हसताहेत. हसा. तुमच्यातला कुणी चित्रकार होईल, कुणी तबला वाजवेल, कुणी रात्र रात्र कोडिंग करेल, आणि तुम्ही म्हणाल, मला वेळ हवा, एकांत हवा. मिळेल. पण तो कुणाच्या तरी वेळातून कापून मिळणार असेल, तर कुणाच्या ते आधी बघा. आणि मुलींनो, भावाचं ताट तुम्ही उचलत असाल तर उद्यापासून उचलू नका. घरात दोन दिवस वाद होईल. तिसऱ्या दिवशी ताट उचललं जाईल, कारण उष्टं वाळलं की वास येतो.

संस्थेची मंडळी समोर आहेत म्हणून विचारून घेते. कार्यानुभवाचा तास आता गणिताला देता असं ऐकलं. आमच्या वेळी त्या तासाला मुलींना शिवण आणि मुलांना विजेचा बोर्ड जोडायला द्यायचे. मला बोर्ड हवा होता. एका मुलाला शिवण हवं होतं, त्याला सगळे चिडवायचे. तास परत आणा, पण वाटणी न करता आणा. एखाद्या शनिवारी नववीच्या मुलांना कणीक मळू द्या. पीठ मी देते. अध्यक्षसाहेब, तुम्ही मान हलवलीत, ती हो म्हणून हलवलीत असं मी धरते.

माझा मुलगा पहिल्या रांगेच्या टोकाला आजीच्या फोनवर खेळतोय. त्याला हे भाषण पाठ आहे, त्यामुळे त्याला माफ आहे.

सूत्रसंचालन करणाऱ्या ताईनं मला दुसरी चिठ्ठी दिलीय. बक्षिसं व्हायचीत, नाटक व्हायचंय, फिशपाँडही आहेत, आणि त्यातला एक माझ्यावर आहे असं मला गेटावरच कळलंय. तर शेवटचं. वार्षिक परीक्षा संपल्या की एप्रिलमध्ये मी इथं येऊन आठवी-नववीच्या मुलांचा फोटोचा वर्ग घेणार आहे, फुकट. घरचा फोन चालेल. काम एकच : आपल्या घरात किंवा आपल्या शाळेत जे माणूस रोज काम करतं आणि कुठल्याच फोटोत नसतं, त्याचा फोटो, त्याला विचारून, सावलीत उभं करून. नावं चित्रकलेच्या सरांकडे द्या. मुलग्यांसाठी एक जादा अट आहे. महिनाभर आपलं ताट आपण घासल्याचा कागद घरच्यांच्या सहीनं आणायचा. सही खोटी करू नका, मी याच शाळेत शिकलेय, आणि प्रगतिपुस्तकावर सह्या कशा होतात हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.