लहान ट्रॅक्टर देऊन खोदणारा मोठा घ्यावा काय?



आज ज्या प्रश्नाविषयी बोलायचे आहे तो वाशिम जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांत सध्या घोळतो आहे. पंधरा-अठरा अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर दारात उभा आहे. त्याचे कर्ज फिटत आले आहे. अशा वेळी घरातला तरुण मुलगा म्हणतो, "बाबा, हा देऊन टाकू आणि पन्नास अश्वशक्तीचा घेऊ. पुढे माती उचलायचं लोडर, मागे खोदायची सोंड. वावरातलं काम होईल अन् गावात भाडंही मिळेल." घरातली आई विचारते, "अन् हप्ता?" दोघांचेही बोलणे रास्त आहे. मुलाला काम दिसते, आईला कर्ज दिसते. मधे जो हिशेब असायला पाहिजे, तो मात्र बहुधा कोणी मांडत नाही. तो आज आपण मांडून पाहू.

आधी यंत्र ओळखून घेऊ. खोदणारे कोणतेही पिवळे यंत्र दिसले की आपण त्याला 'जेसीबी' म्हणतो. ती मुळात एका इंग्रज गृहस्थाच्या नावाची आद्याक्षरे आहेत. जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९४५ साली कारखाना काढला आणि १९५३ साली पुढे लोडर व मागे खोदणारी सोंड असे यंत्र तयार केले. भारतात त्या कारखान्याचे काम १९७९ साली सुरू झाले. ते यंत्र जन्मापासून खोदण्यासाठीच बांधलेले असते आणि त्याचे वजन सात-साडेसात टनांच्या घरात जाते. आपला पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर भरतो दोन टन, फार तर थोडा अधिक. त्याला सोंड लावली म्हणून तो जेसीबी होत नाही. बैलाला झूल घातली तरी तो हत्ती होत नाही, तसेच हे.

यात एक बारीक गोष्ट आहे, ती विक्रेता सहसा सांगत नाही. ट्रकला खाली लोखंडी सांगाडा असतो, तसा बहुतेक ट्रॅक्टरांना नसतो. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा आस यांची ओतीव घरे एकमेकांना बोल्टांनी जोडलेली असतात, आणि तोच ट्रॅक्टरचा कणा. नांगर ओढताना जोर पुढेमागे सरळ बसतो. सोंड मात्र दगडात अडली की पिळवटून ओढते, झटके देते. ती नुसती मागच्या तीन सांध्यांवर टांगली, तर ते झटके थेट त्या ओतीव घरांवर येतात आणि एखाद्या दिवशी तडा जातो. म्हणून पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंत जाणारी वेगळी मजबूत चौकट, खोदताना जमिनीवर टेकणारे दोन पाय, आणि तेलाचा दाब पुरवणारा स्वतंत्र पंप, या तिन्ही गोष्टी असतील तरच पुढची बोलणी करावी. लोडर भरले की पुढच्या चाकांवर भार पडतो. तेव्हा पॉवर स्टिअरिंग आणि पुढचे टायर तितक्या ताकदीचे आहेत का, तेही पाहावे.

मुलाला काम दिसते असे मी म्हटले, ते उगाच नव्हे. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या भागात मातीचे काम वाढले. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार आले, २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' आले, २०१८ पासून पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आला आणि त्यात वाशिम जिल्हा होता. पुढे पांदण रस्त्यांची योजना आली. समृद्धी महामार्ग आपल्याच मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा तालुक्यांतून गेला; ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर ते शिर्डी भाग खुला झाला. अशा काळात ज्याच्या दारात यंत्र, त्याला बोलावणे. पण रस्ता एकदा झाला की झाला. योजनेचेही तसेच आहे: पैसा येतो तेव्हा सगळ्यांना एकदम यंत्र पाहिजे असते आणि थांबतो तेव्हा कोणालाच नको असते. हप्ता मात्र दर सहा महिन्यांनी ठरल्या तारखेला येतो.

आता गुरुजींनी वर्गात घालावे असे एक गणित. शेततळे वर ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल. बाजूंना उतार एकास एक, म्हणजे तळाशी २४ मीटर गुणिले २४ मीटर उरले. यातून निघणारी माती २,१९६ घनमीटर भरते. वरच्या वर्गातल्या मुलांना हे काढता येईल. समजा, ट्रॅक्टरला लावलेली सोंड तासाला १५ घनमीटर काढते. तर तास झाले १४६. दिवसाला सहा तास खरे खोदणे धरले, तर चोवीस-पंचवीस दिवस. शिवाय खोदलेली माती फुगते, तिचा ढीग खड्ड्यापेक्षा मोठा होतो आणि तो दूर सारायलाही वेळ लागतो. मोठे साखळीवाले पोकलेन हेच काम थोड्या दिवसांत उरकून पुढच्या गावी जाते. मग शेततळ्याचे काम आपल्याला मिळेल, या आशेवर ट्रॅक्टर घेणे कितपत शहाणपणाचे?

आता पैशाकडे वळू. पुढचे आकडे रीत समजावी म्हणून घेतले आहेत. तुम्ही आपल्या दरपत्रकातले घाला. जुना ट्रॅक्टर देऊन वर ८ लाख रुपये घालावे लागले असे समजा. दहा वर्षांनी त्या वाढीव किमतीतले २ लाख परत येतील. म्हणजे ६ लाख झिजले, वर्षाला ६० हजार. गुंतलेली सरासरी रक्कम ५ लाख, त्यावर शेकडा १२ प्रमाणे व्याज आणखी ६० हजार. विमा, शेड आणि ठरावीक दुरुस्ती ४० हजार. एकूण झाले १ लाख ६० हजार, आणि हा खर्च यंत्र उभे राहिले तरी चुकत नाही.

भाडे तासाला ९०० रुपये मिळते असे धरू. त्यातून पाच लिटर डिझेल, लिटरला ९० प्रमाणे ४५०. चालकाचे १००. ग्रीस, पिना, दात, टायरची झीज यांचे ५०. हाती उरले ३००. आता १ लाख ६० हजाराला ३०० ने भागा: ५३३ तास. दिवसाला सहा तासांप्रमाणे ८९ दिवस. इतके दिवस काम मिळाले, तर वर्षअखेर नफा शून्य.

हे ८९ दिवस आणायचे कुठून? पावसाळ्यात सोयाबीन-तूर उभी असते. कोणी यंत्र आत येऊ देत नाही. ओल्या काळ्या मातीत तसेही खोदू नये, चिकण बकेटला धरून बसते. पुढे सोयाबीनची सोंगणी, मग हरभरा, तूर. वावरे मोकळी होतात ती मार्च महिन्याच्या तोंडावर. १ मार्चपासून मृग लागेपर्यंत मोजून ९९ दिवस होतात. त्यात लग्नसराई आली, बाजाराचे दिवस आले, सुटा भाग अकोल्याहून येईपर्यंतचा खोळंबा आला. आणि याच दिवसांत नांगरटीला आपलाच ट्रॅक्टर आपल्याला पाहिजे असतो. नव्याण्णवातून एकोणनव्वद काढणारा माणूस शोधावा लागेल, राजेहो.

दराचेही तसेच. गावात जेसीबी तासाला १,२०० मागत असेल आणि आपल्या दुप्पट काम करीत असेल, तर शेजारी आपल्याला ९०० का देईल? त्याला तास विकत घ्यायचा नसतो, खड्डा विकत घ्यायचा असतो. आपल्या यंत्राला जास्त दर मिळेल तो मोठे यंत्र वळत नाही अशा जागी: संत्र्याच्या दोन ओळींत, अरुंद बोळात, पाइपलाइनच्या चरात, शौचालयाच्या किंवा गोबरगॅसच्या खड्ड्याला, जिथे तास-दोन तासांसाठी मोठा यंत्रवाला यायलाच तयार होत नाही तिथे. आपल्या पंचक्रोशीत अशी कामे वर्षाला किती निघतात, ते घरोघर विचारून वहीत लिहा. ती वही हातात असल्याशिवाय विक्रेत्याच्या दुकानात पाऊल टाकू नका.

घरच्या खोदकामाची गोष्ट वेगळी मांडायला हवी. धुरे दुरुस्त करणे, चर काढणे, विहिरीजवळचा गाळ हटवणे, असे मिळून एखाद्या वर्षी ४० तासांचे काम निघते म्हणा. १,२०० च्या दराने भाड्याचे यंत्र लावले, तर ४८ हजार लागतात, आणि असे वर्ष दरवर्षी येत नाही. ४८ हजार वाचवण्यासाठी वर्षाला १ लाख ६० हजार बांधून घेणे मला तरी पटत नाही.

दुसऱ्या बाजूला, छोट्या ट्रॅक्टरला आपण फार हलके लेखतो. त्याचे वजन पाऊण ते एक टन. सोयाबीनच्या, तुरीच्या ओळींत तो डवरणी करतो, संत्र्याच्या बागेत सहा-सहा मीटरवरच्या झाडांमधून फांद्या न मोडता फिरतो, फवारणीचा पंप चालवतो, डिझेलही थोडे पितो. आपली काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते आणि ओली असताना दाबली की तव्यासारखी बसते. लोडर-सोंड लावलेला जड ट्रॅक्टर ओल्या वावरात फिरला, तर नांगराच्या तासाखाली घट्ट थर तयार होतो. मुळे तिथे अडतात आणि वरचे पाणी मुरत नाही. हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कोणाच्याच हिशेबात येत नाही.

मग मोठा ट्रॅक्टर कधीच घेऊ नये काय? तसे नाही. रुंद सरी-वरंब्याचे पेरणीयंत्र, मोठा रोटाव्हेटर, मळणीयंत्र, भरलेली ट्रॉली यांसाठी छोट्याची ताकद अपुरी पडत असेल आणि जमीन पंचवीस-तीस एकर असेल, तर मोठा जरूर घ्या. पण तो ओढण्याच्या कामावर फिटला पाहिजे. सोंडेच्या भरवशावर मोठा ट्रॅक्टर घेणे म्हणजे दागिन्यासाठी लग्न करणे होय.

खोदणारे यंत्र एका घराचे नसून दहा घरांचे असावे, हा विचार नवा नाही. स्वातंत्र्यानंतर लगेच केंद्र सरकारने केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी केली होती. जागतिक बँकेच्या १९४९ च्या कर्जातून जड ट्रॅक्टर आणून कांस गवताने व्यापलेली पडीक जमीन तिने नांगरून काढली. शेतकऱ्याने ते अवजड यंत्र विकत घ्यावे, असे तेव्हा कोणी म्हटले नाही. यंत्र संघटनेचे, काम शेतकऱ्याचे. आज तीच सोय बचतगट, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा अवजार बँक करू शकते. मात्र सामाईक यंत्राचे भांडण पाळीवरून सुरू होते, हेही तितकेच खरे. तास मोजणारे मीटर चालू ठेवा, प्रत्येक फेरीचे आकडे वहीत चढवा, आणि पैसे आधी, खोदणे नंतर असा नियम करा. ही वही गावातल्या शिक्षकाने महिन्यातून एकदा तपासली तर निम्मी भांडणे होणारच नाहीत.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध बचतगटांना नव्वद टक्के अनुदानावर ९ ते १८ अश्वशक्तीचे मिनी ट्रॅक्टर मिळालेले आहेत. अनुदानाचे यंत्र ठरावीक मुदतीपर्यंत विकता येत नाही. तेव्हा बदलीची बोलणी करण्यापूर्वी आपले मंजुरीपत्र काढून वाचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, ही चांगली गोष्ट झाली. पण सोंड आणि लोडर यांवर कोणता कर लावला आहे, ते बिलात वेगळे दाखवायला सांगा. विमा शेतीच्या वापराचा असेल, तर भाड्याच्या खोदकामात अपघात झाल्यावर भरपाईला अडचण येऊ शकते. हे आधीच लेखी विचारून घ्यावे. आणि नाल्यातली वाळू किंवा गायरानातला मुरूम परवान्याशिवाय उचलला, तर महसूल खाते यंत्रासकट जप्ती करते. "आम्ही फक्त भाड्याने आलो होतो" हे कारण तिथे चालत नाही.

एवढे सगळे पाहूनही घ्यायचेच ठरले, तर आधी एक उन्हाळा तसेच यंत्र भाड्याने लावून चालवून पाहा. रिसोड तालुक्यात करडा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, अकोल्याला कृषी विद्यापीठ आहे. तिथल्या अभियंत्यांना जोडणीची चौकट आणि दरपत्रक दाखवा. चाचणी दुकानासमोरच्या मऊ भरावात घेऊ नका, आपल्या वावरात घ्या. आपल्याकडे वरची काळी माती संपली की मुरूम लागतो आणि त्याखाली काळा पाषाण. सोंड मुरमापर्यंत जाऊ द्या. तिथे ट्रॅक्टरची मागची चाके उचलली जातात का, टेकलेले पाय सरकतात का, नळ्यांच्या सांध्यातून तेल पाझरते का, हे पाहत अर्धा तास उभे राहा. खड्ड्याच्या काठापासून आणि वरच्या विजेच्या तारांपासून मुलांना दूर ठेवा, आणि यंत्र थांबल्यावर लोडर जमिनीला टेकवूनच चालकाला खाली उतरू द्या.