उन्हाळी वाचन: पुस्तकांची पेटी भट्टीवर जावी
(औंढे येथे सभासद व समर्थकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या वर्षी सार्वजनिक ग्रंथालयाच्या मदतीने मुलांसाठी उन्हाळी वाचनवर्ग घ्यावा, असे आपल्यापैकी काहींनी सुचवले आहे. सूचना चांगली आहे. शहरातली वाचनालये मे महिन्यात असे वर्ग घेतात. गोष्ट सांगतात, चित्रे काढून घेतात, ठरलेली पुस्तके वाचणाऱ्याला प्रमाणपत्र देतात. आपल्या घरची मुले तिथे आनंदाने जातील आणि त्यांनी जावेच. पण आपले काम ज्यांच्यामध्ये आहे ती कातकरी आणि ठाकर मुले मे महिन्यात कुठे असतात, हे आधी पाहू या.

पुष्कळ कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वाडी सोडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला जावे लागते. कोणी घाटाखाली कर्जत-पनवेलकडे, कोणी आपल्याच जिल्ह्यात. मजुरी हजार विटांच्या हिशेबाने मिळते, म्हणून लहान हातही कामाला लागतात. कच्च्या विटा उलटून वाळत घालायचे काम मुलांकडे येते. ही माणसे परततात ती पावसाच्या तोंडावर. म्हणजे शाळेची सुट्टी लागते तेव्हा या मुलांची शाळा सुटून सहा महिने झालेले असतात. दिवाळीपूर्वी जे मूल अक्षरे जुळवून वाचत होते, त्याला जूनमध्ये पुन्हा अक्षरओळखीपासून सुरुवात करावी लागते. मग वर्गातली इतर मुले हसतात, आणि ते मूल यायचे थांबते. शिक्षक म्हणतात, याला शिकायची आवड नाही.

जी कुटुंबे मागे राहतात त्यांच्या मुलांनाही सुट्टी अशी नसतेच. करवंदे, जांभळे, कैऱ्या यांचा हाच हंगाम. पहाटे रानात जायचे, पानांचे द्रोण करायचे आणि उन्हे चढली की पर्यटकांच्या गाड्यांपाशी उभे राहायचे. आपण सगळ्यांनीच त्यांच्याकडून करवंदे घेतली आहेत. वाचनवर्गाची वेळ सकाळी दहा ते बारा ठेवली, तर आपण नेमकी त्यांच्या कमाईची वेळ निवडली असे होईल.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की मुलांनी ग्रंथालयात येण्याची वाट पाहू नये, ग्रंथालय त्यांच्याकडे न्यावे. तेही मे महिन्यात नव्हे, जानेवारी-फेब्रुवारीपासून.

ही काही नवी युक्ती नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला आणि पुढे 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांबरोबर वारली मुलांसाठी काम केले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच अंगणात नेली. तीच अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. आणि धाकटे भावंड सांभाळायचे म्हणून शाळा बुडवणाऱ्या मुलीसाठी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच जागी आणली, तिला विकासवाडी म्हटले. पुढे वसई-भिवंडीकडे विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुराची झोपडी.

पुस्तकांचेही तसेच. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेतून बोर्डेन या ग्रंथपालाला बोलावले, आणि त्यानंतर त्या संस्थानात पेट्यांमधून पुस्तके गावोगावी फिरू लागली. आपल्या काळात नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजनाही पेट्यांवरच उभी आहे. आपल्याला फार काही लागणार नाही. एक पत्र्याची ट्रंक, लाकडी नको. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जूनमध्ये पुस्तके परत येताना बुरशी आणि वाळवी दोन्हींची भीती. आत प्लास्टिक आणि कडुलिंबाचा सुका पाला.

ट्रंकेत काय ठेवायचे, यावर मात्र मला थोडे स्पष्ट बोलायचे आहे. घरातली रद्दी आवरताना निघालेली मार्गदर्शके आणि जुनी पाठ्यपुस्तके कृपा करून देऊ नका. ज्या मुलाला वाचनाचीच भीती आहे, त्याच्या हाती फाटके व्याकरण देणे म्हणजे ती भीती पक्की करणे. मोठी चित्रे, पानावर एक-दोन ओळी, अशी पुस्तके हवीत. प्रथम बुक्सची पुस्तके स्वस्त आहेत, आणि त्यांच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरून मराठी गोष्टी विनामूल्य उतरवून छापता येतात.

या मुलांच्या घरची बोली कातकरी, पुस्तकातली भाषा प्रमाण मराठी. त्यामुळे नुसते पुस्तक वाटून वाचन होत नाही. कोणीतरी बसून मोठ्याने, सावकाश वाचावे, मग मुलांनी तीच गोष्ट आपल्या बोलीत सांगावी. हसू नये, दुरुस्तही करू नये. ती सांगितलेली गोष्ट कागदावर लिहून घ्यावी. एका कागदाच्या घड्या घालून आठ पानांची पुस्तिका होते. चित्रे मुले काढतील. ती पुस्तिका ट्रंकेत जाते आणि पुढच्या भट्टीवर दुसरे मूल ती वाचते. कडेवर भावंड घेऊन आलेल्या मुलीला वयाची अट सांगून परत पाठवू नका. आई येऊन बसली तर तिलाही बसू द्या.

आता ग्रंथालयाबद्दल. महाराष्ट्रात 1967 पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार सरकारी अनुदान मिळते. हा पैसा कातकऱ्यांचाही आहे. तरी एका ठिकाणी मी दोन मुलांना घेऊन गेलो तेव्हा आधी अनामत आणि पत्त्याचा पुरावा विचारला गेला. भट्टीवर राहणाऱ्याने कोणता पत्ता द्यायचा? आपण भांडायला जाऊ नये. मंडळीतल्या दोघा वडीलधाऱ्यांनी ग्रंथपालांना भेटून सांगावे की अनामत आम्ही भरतो, हरवलेल्या पुस्तकाची जबाबदारी आमची, बालविभागातला एक संच महिनाभरासाठी द्या. काही पुस्तके मातीने माखून परत येतील, हेही आधीच सांगावे.

एक प्रश्न तुमच्या मनात असेल, म्हणून मीच काढतो. या ट्रंकेत पत्रिका आणि बायबलगोष्टी ठेवायच्या का? माझे उत्तर, नाही. आपली व्हीबीएस आहे, संडे स्कूल आहे. तिथे कोण येते हे आईबापांना ठाऊक असते आणि त्यांच्या संमतीने येते. ग्रंथालयाची पेटी सर्वांची. तिच्यातून काही आडून दिले असे एकदा वाटले, तर आईबाप दार लावतील, मुकादम भट्टीवर पाऊल ठेवू देणार नाही, आणि त्यांचे म्हणणे चूक ठरणार नाही. अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकात मुलांसाठी 'बालबोधमेवा' हे मासिक काढले, ते उघडपणे मिशनच्या नावावर. आपणही जे देऊ ते त्याच्या खऱ्या नावाने देऊ.

पैशाची गरज थोडी आहे. जास्त गरज माणसांची आहे. शनिवारी संध्याकाळी साडेसहानंतर, विटांचे काम थांबल्यावर, तासभर बसून वाचणारी माणसे हवीत. एकाच भट्टीवर तीच माणसे दर आठवड्याला गेली पाहिजेत. दर वेळी नवा चेहरा आला तर मुले बुजतात. मालकाची परवानगी आधी घ्यावी लागेल, ती मी घेईन. बरोबर बॅटरीचा दिवा आणि पिण्याचे पाणी घ्या. खाऊ नेऊ नका, फोटो काढू नका.

गाडीत चौघांची जागा आहे. ज्यांना यायचे त्यांनी आज जाण्यापूर्वी मला नाव सांगावे.