बातमी, मौन आणि लोकमत

(सदलगा येथे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



वृत्तपत्र हा लोकमताचा आरसा आहे, असे म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. मला ते पुरते पटत नाही. आरशासमोर जे येईल ते आरसा दाखवितो. वृत्तपत्र मात्र काय समोर आणावयाचे आणि काय आड ठेवावयाचे हे आधी ठरविते. ज्या प्रश्नाची वार्ताच येत नाही तो प्रश्न नाहीच, अशी मग वाचकाची हळूहळू समजूत होऊन बसते.

1891 सालचा संमतिवयाचा कायदा घ्या. मुलीच्या संमतीचे वय 10 वरून 12 करावयाचे, एवढीच ती गोष्ट! टिळकांच्या ‘केसरी’ने परकी सरकारला आमच्या धर्मात हात घालू देणार नाही, अशी भूमिका घेतली, आगरकरांच्या ‘सुधारका’ने कायद्याचा पक्ष घेतला. दोघेही देशभक्तच होते. तथापि स्वत्वाच्या त्या तेजस्वी शब्दाआड दहा वर्षांची पोर झाकली गेली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पुढे 31 जानेवारी 1920 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ काढला. पैसे देऊ केले असताही त्याची जाहिरात छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला. कडाडून टीका केली असती, तर निदान असे पत्र निघाले आहे हे तरी वाचकाला कळले असते. विरोधापेक्षा मौन अधिक घातक, ते असे.

पत्राच्या बळाची दुसरी बाजूही आपण पाहिली आहे. 15 नोव्हेंबर 1956 रोजी आचार्य अत्र्यांनी दैनिक ‘मराठा’ सुरू केले आणि संयुक्त महाराष्ट्राची भाषा गिरणगावापासून खेड्यापर्यंत नेली. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र झाला. आपला हा मुलूख 1956 च्या 1 नोव्हेंबरला म्हैसूर राज्यात गेला, तो तिकडेच राहिला. 1967 साली महाजन आयोगाने निपाणी महाराष्ट्राला आणि बेळगाव शहर म्हैसूरला सुचविले. तोच अहवाल एका भाषेत न्याय ठरला आणि दुसऱ्या भाषेत अन्याय! दूधगंगेच्या या काठी मराठी आणि कानडी माणूस एकाच बाजारात तंबाखूचा भाव विचारतो. परंतु दोघे आपापले पत्र उघडतात तेव्हा दोन निराळ्या गावांत राहत असल्यासारखे बोलू लागतात.

आणि जे दोन्ही भाषांतील पत्रांना समान आहे ते कोणते? देवदासींविषयीचे मौन. मुंबई इलाख्यात देवदासी-संरक्षणाचा कायदा 1934 सालीच झाला होता; बेळगाव जिल्हा तेव्हा त्याच इलाख्यात होता. तरीही 1982 साली कर्नाटकाला पुन्हा कायदा करावा लागला. का? मुली सोडणे थांबले नव्हते म्हणून. कायदा कागदावर होता. त्यामागे लोकमत नव्हते. यल्लम्माच्या यात्रेचे वृत्त येई ते गर्दीचे आणि गाड्यांचे. 1975 साली गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली, त्यानंतर कोठे या स्त्रिया बोलू लागल्या आणि पत्रांना ऐकावे लागले.

सीमालढा चालू असता असले विषय काढल्यास चळवळीत फूट पडेल, असे आमचे काही जिव्हाळ्याचे सहकारी म्हणतात. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु 1891 सालीही हेच सांगितले गेले होते: आधी राष्ट्र, मग घर! ज्या महाराष्ट्रात जाण्यासाठी आपण झगडतो तो फुल्यांचाही महाराष्ट्र आहे ना? मग येथल्या देवदासीने विलीनीकरणाची वाट पाहत का बसावे?

म्हणून या दैनिकाच्या संपादकमहाशयांना, ते येथे उपस्थित आहेत असे समजून, एक विनंती करतो. माघी पौर्णिमेला याच रस्त्यांनी सौंदत्तीकडे गाड्या जातील. त्या गर्दीचा आकडा वार्ताहराने एका ओळीत आटपावा. उरलेल्या जागेत, वय झालेल्या देवदासीला सरकारी निवृत्तिवेतन वेळेवर मिळते काय, हे तिच्याच उंबऱ्याशी जाऊन विचारावे, आणि ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत छापावे.