देवमासा आणि वैनगंगेकांठचा बेडूक

गोंदियाहून समुद्र शेंकडों मैल दूर आहे. पण तेथील पाण्याची वाट समुद्राकडेच जाते. बाघ नदी वैनगंगेला मिळते, वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्यापाशीं गोदावरींत शिरते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरांत. गोंदियाकडील धानाच्या बांधींत ज्या पाण्यावर बेडूक डरांव डरांव करतो, त्याच पाण्याच्या शेवटल्या टोकाला निळ्या देवमाशाचा मुलूख लागतो. तेव्हां या दोघांना शेजारीं उभें करणें अगदींच चमत्कारिक मानूं नये.

निळा देवमासा शंभर फुटांच्या घरांत जातो व त्याचें वजन दीडशें टनांपर्यंत भरतें. आपल्या नदीकांठचा मोठा पावसाळी बेडूक, ज्याच्या इंग्रजी नांवाचा अर्थच बैलबेडूक होतो, तो अर्ध्या फुटाहून फारसा वाढत नाहीं. पहिल्या पावसाबरोबर नर हळदीसारखा पिवळा होतो व गळ्याच्या दोन निळ्या पिशव्या फुगवून मादीला हांक घालतो. देवमाशाची हांक याहून कितीतरी बलवान. ती पाण्यांतून शेंकडों मैल जाते, परंतु इतक्या खर्जांत की मनुष्याच्या कानाला बहुधा कळतच नाहीं.

देवमासा हें नांवच मुळीं फसवें आहे. तो मासा नव्हे. पिलाला दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे. सुमारें पांच कोटि वर्षांपूर्वीं त्याचे पूर्वज चार पायांनीं जमिनीवर हिंडत होते. त्यांच्या एका जवळच्या आप्ताचे, हरणाएवढेंही नसलेल्या प्राण्याचे, अवशेष जम्मू-काश्मीरांत कालाकोट येथें सांपडले आहेत. बेडकाच्या कुळानें उलट दिशेनें पाण्यांतून भूमीवर पाऊल टाकलें, पण पाण्याशीं नातें तोडलें नाहीं: अंडीं पाण्यांत, आणि पिलूं आधीं शेपटीचें, कल्ल्यांनीं श्वास घेणारें.

मोठेपणीं मात्र दोघेही फुप्फुसांनींच हवा घेतात. देवमासा डोक्यावरच्या नाकपुड्यांनीं श्वास घेऊन बुडी मारतो; २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोजणींत बुडीच्या वेळीं त्याचें हृदय मिनिटाला अवघे दोन ठोके देतांना आढळलें. बेडकाला छाती फुगवितां येत नाहीं. तो गळ्याच्या भात्यानें हवा आंत लोटतो, शिवाय ओल्या कातडीनेंही श्वास घेतो. जून २०१५ मध्यें रेवदंड्याच्या किनाऱ्यावर सुमारें बेचाळीस फुटांचा निळा देवमासा वाळूंत रुतून मेला. सभोंवार हवा मुबलक होती! परंतु पाण्याचा आधार सुटला कीं अशा देहाचें ओझें त्याच्याच फुप्फुसांवर पडतें. आकार हें सामर्थ्य खरें, पण तें पाण्यांतलें.

मनुष्याच्या हाव्यासानें दोघांनाही सारखेंच गांठलें. देवमाशाच्या चरबीचें तेल, साबण व कृत्रिम लोणी झालें. विसाव्या शतकांत दक्षिण समुद्रांत तीन लाखांहून अधिक निळे देवमासे मारले गेले आणि १९६६ सालीं त्यांच्या शिकारीवर बंदी आली. बेडकाच्या तंगड्या भारतांतून परदेशच्या जेवणावळींस जात. ती निर्यात १९८७ सालीं बंद झाली. एवढ्यासाठीं कीं, धानावरील कीड खाणारा हा पहारेकरी शेतांतून नाहींसा होऊं लागला होता.

निर्यात थांबली, तरी फवारा थांबला नाहीं. देवमाशाच्या कातडीखालीं चरबीचा जाड थर असतो; बेडूक मात्र तोंडानें पाणी पीत नाहीं, तें कातडींतूनच शोषतो. बांधींत कीटकनाशक पडलें म्हणजे तें कीड मारून थांबत नाहीं, त्या पाण्यांत बसलेल्या बेडकाच्याही अंगांत उतरतें. आणि उरलेलें पाणी बांधींतून नाल्याला, नाल्यांतून वैनगंगेला लागतें.